पांढरीचे रसायन

खानदेशात गावच्या जमिनीला पूर्वापार दोन नावे आहेत. जी पिकते ती काळी. जिच्यावर घरे उभी राहतात ती पांढरी. काळी काळी का, हे भूगोलाच्या तासाला बहुतेकांना सांगता येते. पांढरी पांढरी का, असे विचारले म्हणजे मात्र वर्ग गप्प होतो. एकदा मागच्या बाकावरून एका मुलाने उत्तर दिले, "चुलीची राख पडते म्हणून." सारा वर्ग हसला. आम्ही हसलो नाही, कारण उत्तर बहुतांशी बरोबर होते.

एका जागी माणसांच्या पाच-सहा पिढ्या नांदल्या म्हणजे तेथे काय काय साचते, ह्याचा विचार करा. रोजची राख, गुरांचे शेण, जेवणात चघळून टाकलेली हाडे, फुटकी मडकी, भिंतींचा गिलावा. एक घर पडते आणि त्याच्याच मातीवर दुसरे उभे राहते. असे होता होता गाव चढत जाते, आणि पुढे कधी दुष्काळाने वा पुराने गाव उठून गेले तरी टेकाड मागे राहते. तापी, गिरणा, पांझरा, बुराई ह्या आपल्या नद्यांच्या काठी अशी टेकाडे पुष्कळ आहेत. तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशे येथे १९५४-५५ साली बी. के. थापर ह्यांनी, आणि गिरणेकाठच्या बहाळ येथे १९५२-५३ साली म. न. देशपांडे ह्यांनी पुरातत्त्व खात्यातर्फे उत्खनन केले. लोखंड ठाऊक होण्यापूर्वीच्या, तांबे व दगड वापरणाऱ्या माणसांची वस्ती दोन्ही ठिकाणी तळाशी लागली. ती तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची.

ह्या पांढरीच्या मातीचे आमच्याकडे दोन उपयोग. पहिला, धाब्याच्या घरांवर घालण्याचा. ही माती चिकट व खारी. पाणी तिच्यातून लवकर झिरपत नाही. दुसरा उपयोग शेतात खत म्हणून. शेतकऱ्याला ह्याचे रसायनशास्त्र कोणी शिकविले नव्हते. पांढरीच्या दोन गाड्या जेथे पडल्या तेथले पीक तरारून आले, एवढे त्याने पाहिले होते. नेमकी हीच गोष्ट जगाच्या दुसऱ्या टोकाला एका रसायनज्ञाच्या ध्यानात आली. स्वान्ते अऱ्हेनियस हे नाव रसायनाच्या पुस्तकांत येते. त्यांचे चिरंजीव ओलाफ अऱ्हेनियस हे स्वीडनमध्ये साखरबीटाच्या शेतांची माती तपाशीत असत. १९२० नंतरच्या दशकात ते काम करीत असता त्यांना असे आढळून आले की, काही ठिकाणी मातीत फॉस्फेटचे प्रमाण एकाएकी वाढते, आणि चौकशी करावी तो तेथे पूर्वी जुने गाव असते. कारण सोपे आहे. हाडे, शेण, मूत्र, अन्न ह्या सर्वांतून फॉस्फरस मातीत उतरतो. नत्राचे क्षार पावसाबरोबर वाहून जातात. फॉस्फेट मात्र चुना, लोह ह्यांच्याशी संयोग पावून न विरघळणारे होते आणि हजारो वर्षे जागच्या जागी राहते. भिंत जाते, छप्पर जाते, नाव जाते. गोठा कोठे होता एवढे माती विसरत नाही.

ह्या विद्येकडे आमचे लक्ष कसे गेले, ते सांगावयाचे म्हणजे आमच्या हातून घडलेला एक प्रमाद सांगितला पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आठवीतील एका विद्यार्थ्याने, घराच्या धाब्यावर घालण्याकरिता आणलेल्या मातीत सापडलेले एक लहानसे तांब्याचे कडे शाळेत आणले. ते हिरवेगार, खरबरीत आणि एका बाजूस मातीने लिंपलेले होते. आम्ही पडलो विज्ञानाचे शिक्षक. धडा आयताच चालून आला म्हणून आम्हाला आनंद झाला. तांब्यावर कर्ब-वायू, पाणी व हवा ह्यांचा परिणाम होऊन हिरवा थर कसा जमतो हे फळ्यावर लिहिले, आणि चिंचेतील आम्लाने तो कसा विरघळतो हे वर्गासमक्ष करून दाखविले. चिंचेचा कोळ, चिमूटभर मीठ आणि दात घासण्याचा एक जुना ब्रश. पंधरा मिनिटांत कडे नव्या पैशासारखे चकाकू लागले. मुलांनी टाळ्या वाजविल्या. मुलाच्या वडिलांनी मोठ्या मनाने ते शाळेस देऊन टाकले, व आम्ही ते काचेच्या कपाटात मांडले.

पुढे नाताळच्या सुटीत जुन्या वस्तूंच्या रासायनिक परीक्षणात हयात घालविलेले एक गृहस्थ परिचिताबरोबर शाळा पाहावयास आले. आम्ही कौतुकाने कडे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते उजेडात फिरवून पाहिले आणि विचारले, "गुरुजी, हे असेच सापडले होते?" आम्ही चिंचेची हकीकत सांगितली. त्यावर ते म्हणाले, "वरच्या थरावर काही रेघा होत्या का? उभ्या-आडव्या, कापडाच्या विणीसारख्या?" होत्या. ब्रश फिरविताना आम्ही त्या पाहिल्या होत्या आणि त्या ब्रशाच्याच असाव्यात अशी समजूत करून घेतली होती. गृहस्थ पुढे काही बोलले नाहीत. त्यांनी कडे जपून डबीत परत ठेविले आणि शाळेच्या बागेविषयी बोलू लागले. रागावले असते तर बरे वाटले असते.

तेव्हापासून ह्या विषयावर मिळेल ते आम्ही वाचीत आलो आहो. हे काम करणारी माणसे कशी जगतात, दिवसभर करतात तरी काय, हे आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे असे वाटते. कारण विज्ञान शिकून डॉक्टर किंवा इंजिनिअर होता येते एवढेच आमच्या भागातील मुलांच्या कानी पडते.

आपल्या देशात ह्या कामाची रीतसर सुरुवात १९१७ साली झाली. त्या वर्षी भारतीय पुरातत्त्व खात्याने आपला पहिला रसायनज्ञ नेमला. त्यांचे नाव मोहंमद सनाउल्ला. आरंभी कलकत्त्याच्या संग्रहालयात व १९२१-२२ पासून देहरादून येथे त्यांची प्रयोगशाळा होती. ती स्थिरस्थावर होते न होते तोच मोहेंजोदडो व हडप्पा येथील उत्खनने सुरू झाली आणि तेथील तांब्या-कांशाच्या वस्तू, गिलावे व चुनखडी ह्यांचा ओघ त्यांच्या टेबलाकडे वाहू लागला.

त्या काळी धातूचे पृथक्करण म्हणजे काय कष्ट होते ते पाहा. वस्तूचा अर्धा ग्रॅमभर कीस काढावयाचा. तोही अशा जागेवरून की, वस्तूस व्यंग येऊ नये. तो तोलून नत्राम्लात टाकला म्हणजे तांबे निळसर द्रावणात जाते आणि कथील असल्यास पांढऱ्या भुकटीच्या रूपाने तळाशी उरते. ती गाळून, भाजून तोलावयाची. मग गंधकाम्ल घालून शिसे खाली बसवावयाचे. मग विजेच्या प्रवाहाने तांबे प्लॅटिनमवर चढवून तोलावयाचे. लोह, निकेल, सोमल ह्यांच्या परीक्षा निराळ्या. एका पात्यावर काही दिवस जात. शेवटी सर्व आकड्यांची बेरीज शंभराच्या जवळ आली नाही, आणि कमी पडलेला भाग गंजाचा म्हणून दाखविता आला नाही, तर पुन्हा पहिल्यापासून सारे करावे लागे. आज क्ष-किरणांचे हातात मावणारे यंत्र निघाले आहे. ते वस्तूला ओरखडाही न काढता काही क्षणांत आकडे दाखविते. पण ते पाहते वरचा पापुद्राच, आणि जुन्या धातूचा वरचा पापुद्रा आतल्यापेक्षा निराळा असतो. यंत्र काय सांगते आणि त्यातले किती खरे मानावयाचे, हे ठरविणारे डोके अजून माणसाचेच लागते.

इतके करून हाती काय येते? आपल्या नरडाण्याजवळचे सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांकरिता नावाजलेले आहे. तेथील कारागिराला विचारा. तांब्यात काय मिसळले असता ते कसे वागते हे त्याला हाताने कळते. तीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराला काय कळत होते, हे विचारावयास तो कारागीर नाही. त्याचा धातू आहे. १९७४ साली प्रवरेकाठी दायमाबाद येथे एका भिल्ल शेतकऱ्यास झाडाचे मूळ खणीत असता चार ओतीव मूर्ती सापडल्या: बैलजोडीचा रथ व सारथी, रेडा, हत्ती आणि गेंडा. वजन सर्व मिळून साठ किलोंहून अधिक. साळी, म. के. ढवळीकर ह्यांच्यासारख्या उत्खननकारांनी त्या हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातील मानल्या. परंतु धातूची परीक्षा झाली तेव्हा तीत एक टक्क्याहून अधिक सोमल निघाला, आणि एवढ्यावरून डी. पी. अग्रवाल ह्यांनी त्या पुष्कळ अलीकडच्या असाव्यात असा पक्ष मांडला. कारण त्या काळच्या इतर वस्तूंत मुद्दाम सोमल मिसळल्याचे त्यांना दिसत नव्हते. दोन्ही पक्ष जाणत्यांचे. शंभर भागांतील एका भागावरून मूर्तींचे वय हजार वर्षांनी हलू शकते, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. म्हणजे प्रयोगवहीत दशांशाचे टिंब चुकले असता आम्ही इतके का रागावतो तेही कळेल.

आता त्या रेघांकडे वळू. त्या आमच्या मनातून जात नाहीत.

कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवले म्हणजे ते कळकते. तांब्याचे क्षार ताकात उतरतात आणि ते पिणाऱ्यास बाधते. द्राक्षांवर मोरचूद व चुन्याचे मिश्रण फवारतात, त्यातही तत्त्व हेच आहे: तांब्याचे क्षार बुरशीला मारतात. जे ताक नासविते आणि द्राक्ष वाचविते, तेच जमिनीखाली कापड वाचविते. कापसाचा धागा आपल्या मातीत एरवी फार काळ टिकत नाही. कृमी-बुरशी त्याचा फडशा पाडतात. पण तोच धागा तांब्याच्या मण्याला किंवा कड्याला लागून असला तर धातूचे क्षार त्याच्यात मुरत जातात, कुजणे थांबते, आणि कधी कधी धागा नाहीसा होऊन त्याच्या जागी त्याच्याच आकाराचा खनिज ठसा उरतो. बलुचिस्तानातील मेहेरगढ येथे तांब्याच्या एका मण्यात असे कापसाचे तंतू मिळाल्याचे २००२ साली प्रसिद्ध झाले; ते इसवी सनापूर्वी सहाव्या सहस्रकातील ठरले. कापसाचा त्याहून जुना पुरावा आपल्या उपखंडात तोवर कोणास मिळालेला नव्हता.

ह्या प्रकारच्या परीक्षणाचा पायंडा पडला तो आपल्या मुंबईतच. माटुंग्यास १९२४ साली भारतीय मध्यवर्ती कापूस समितीने एक तंत्रप्रयोगशाळा काढली. तिचे काम व्यापारी: कोणत्या वाणाचा तंतू किती लांब, किती बळकट, त्याचे सूत कितपत निघेल हे पाहणे. आपल्या खानदेशातील कापसाचे नशीबही अशाच परीक्षांवर ठरत आलेले आहे. मोहेंजोदडोस एका चांदीच्या पात्राला कापडाचे तुकडे चिकटलेले आढळले, ते ह्या प्रयोगशाळेकडे आले. संचालक टर्नर व त्यांचे सहकारी ए. एन. गुलाटी ह्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली घेतले. तंतू इतके विरलेले होते की जरा ताण पडताच तुटत. बुरशीची मुळे त्यांच्यातून आरपार गेलेली होती. तरीही काही तंतूंत कापसाचा खास पीळ दिसला. नुसते 'कापूस आहे' म्हणून ते थांबले नाहीत. गिरणीतील मालाची करावी तशी त्यांनी त्या चिंधीची प्रत लावली. उभे व आडवे दोन्ही सूत ३४ नंबरचे, म्हणजे पौंडात ८४० वारांच्या ३४ लडी बसतील इतके बारीक. इंचात उभे धागे २०, आडवे ६०. वजन चौरस वारास २ औंस. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या विणकराच्या मालाला लावलेली ही प्रत. ज्यांच्या घरी वडील जिनिंगमध्ये किंवा गिरणीत काम करतात त्या विद्यार्थ्यांनी हे आकडे घरी वाचून दाखवावेत. त्यांना ते आमच्याहून अधिक कळतील.

त्याच गुलाटींकडे पुढे तीसेक वर्षांनी महाराष्ट्रातील धागे आले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हसमुख सांकळिया ह्यांच्या नेतृत्वाखाली दक्षिणेतील ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांचा शोध चालला होता. प्रवरेकाठी नेवासे व पुणे जिल्ह्यात घोडनदीकाठी चांडोली येथे त्या काळची लोकवस्ती उघडी झाली. ती माणसे मृत बालकांना दूर नेत नसत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत देह ठेवीत आणि घराच्या जमिनीखालीच पुरीत. नेवाशास अशा एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मण्यांच्या भोकांत दोऱ्याचा अंश उरला होता. तपासता त्यात रेशीम निघाले व सोबत कापूसही. चांडोलीच्या मण्यांतील धागा अळशीच्या ताग्याचा ठरला. हे निष्कर्ष १९६१ साली डेक्कन कॉलेजने छापिले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोणा आईने लेकराच्या गळ्यात घातलेली माळ कशात ओविली होती, हे आज सांगता येते ते मण्याच्या भोकातला हिरवा मळ कोणी काडीने टोकरून काढला नाही म्हणून. आमच्या हाती ती काडी असती तर काय झाले असते ते आम्हाला ठाऊक आहे.

अशा शास्त्रज्ञाचा दिवस बाहेरून पाहणाऱ्यास कंटाळवाणा वाटेल. उत्खननाच्या जागी तो क्वचित महिना-दोन महिने असतो; तेथेही खड्ड्यापेक्षा चाळण्यांजवळ. राखेची माती पाण्यात ढवळली म्हणजे जळके धान्य तरंगते, ते जाळीने उचलणे. मातीचे नमुने पुड्यांत भरून जागा, थर, खोली, तारीख लिहिणे. उरलेले वर्ष प्रयोगशाळेत. नमुना नखाएवढा असला तरी त्यातील अर्धा तसाच राखून ठेवावयाचा, कारण उद्या अधिक चांगली रीत निघेल. एक परीक्षा नमुन्याची केली की तीच परीक्षा नमुना न घालता करावयाची. कोऱ्या परीक्षेतही तेच उत्तर आले तर दोष भांड्याचा किंवा पाण्याचा. बोटांचे तेल, अत्तर, पानसुपारी, सर्व वर्ज्य. आणि शेवटी पुष्कळदा उत्तर काय येते? "निश्चित सांगता येत नाही." हे वाक्य लिहिण्यास फार धैर्य लागते, वर्षभराचा खर्च झालेला असतो आणि उत्खननकार वाट पाहत असतो. अहवाल छापून निघतो तेव्हा रसायनज्ञाचा मजकूर शेवटी परिशिष्टात, बारीक टाइपात येतो. आम्ही चाळलेल्या कित्येक अहवालांत त्या पानांच्या कडाही कोणी कापलेल्या नव्हत्या.

काळ मोजण्याचे काम आता कोळशावरून होते हे वरच्या वर्गातील विद्यार्थी जाणतात. सजीव वस्तू मेली की तिच्यातील किरणोत्सर्गी कार्बन घटू लागतो. ५७३० वर्षांत तो निम्मा होतो. १९४९ साली अमेरिकेत विलर्ड लिबी ह्यांनी ही रीत सिद्ध केली व १९६० साली त्यांना रसायनाचे नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही पुढे अशी प्रयोगशाळा निघाली, व नंतर ती अहमदाबादेस गेली. वर आलेले अग्रवाल तिच्यातलेच. ह्या रीतीने आपल्या खानदेशाला जो मान मिळाला तो थोड्यांना माहीत असतो. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे साळी ह्यांना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे मिळाले, त्यांतील एकावर कोरलेली नक्षी होती, आणि कवचाचे केलेले मणीही होते. कवचाचे वय भरले सुमारे २५ हजार वर्षे. खानदेशात शहामृग धावत होते, आणि त्यांच्या अंड्यांवर कोणी हौसेने नक्षी काढीत होते!

मडक्यांचे तर निराळेच. ज्या गाडग्यात एकदा तूप ठेवले ते कितीही घासा, उन्हात ठेवा, वास जात नाही. हे घरोघरी माहीत आहे. तूप मातीच्या छिद्रांत शिरते आणि तेथे राहते. आजचा रसायनज्ञ खापराचा चुरा करून त्यातील स्निग्धांश द्रावकाने काढतो, आणि त्यातील कार्बनच्या प्रकारांवरून ती चरबी मांसाची की दुधाची ते ओळखतो. कच्छमधील कोटडा भडली येथील हडप्पाकालीन वस्तीच्या ५९ खापरांची अशी परीक्षा झाली. उत्खनन डेक्कन कॉलेजच्या प्रबोध शिरवळकर ह्यांचे, परीक्षा कल्याण शेखर चक्रवर्ती व सहकाऱ्यांची. २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला की, चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी त्या गावी दूध मडक्यांत शिजविले जात होते. आणि ही सर्व खापरे अशी होती की, रस्त्यात पडली असती तर तुम्ही-आम्ही ती पायाने उडविली असती.

आमच्याच हातून चूक घडली असे मात्र कोणी समजू नये. मोठमोठ्यांकडून घडली आहे. अजिंठा आपल्या जळगावच्या उंबरठ्यावर. तेथील चित्रे पोपडे होऊन गळत होती, म्हणून निजाम सरकारने १९२० साली इटलीहून दोन निष्णात कारागीर बोलाविले. त्यांनी दोन वर्षे खपून पोपडे चिकटविले ही मोठीच कामगिरी. पण चित्रांवर लाखेचे रोगणही चढविले. ते काही वर्षांनी पिवळे पडून काळवंडले आणि खालचे रंग झाकून बसले. ते थराथराने उतरविण्यात पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांची वर्षेच्या वर्षे गेली. हेतू उत्तम, हात तरबेज, द्रव्य मात्र चुकले. वेरूळच्या गिलाव्याकडे पाहताना पुढच्यांनी घाई केली नाही: त्या खात्याचे राजदेव सिंह व वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई ह्यांनी आधी त्यात काय आहे ते पाहिले, आणि मातीत भांगेच्या झाडाचे तंतू कालविलेले आहेत असे २०१६ साली दाखवून दिले.

इकडे पांढरी मात्र चालली आहे. पूर्वी बैलगाडीने वर्षाला दहा-वीस गाड्या जात. टेकाड त्याने फारसे खचत नसे. आता यंत्राचा एक पंजा सकाळी लागला की संध्याकाळपर्यंत हजार वर्षांचे थर ट्रॉलीतून निघून जातात. नरडाण्याला औद्योगिक वसाहत आली, महामार्ग रुंदावला. भरावाला माती लागतेच. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. ही माती नुसते खत नाही हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

म्हणून गेल्या दोन वर्षांपासून आम्ही नववीच्या मुलांकडून एक सोपी परीक्षा करवितो. जवळच्या टेकाडाच्या मुळात तुटलेल्या कडेवरील थोडी माती, आणि दूरच्या पडीक रानातील तितकीच. दोन्ही गाळणकागदावर चिमूटचिमूट ठेवावयाच्या. अमोनियम मॉलिब्डेट हे सौम्य आम्लात विरघळवून त्याचे दोन थेंब प्रत्येकीवर टाकावयाचे. अर्ध्या मिनिटाने क जीवनसत्त्वाच्या द्रावणाचे दोन थेंब. फॉस्फेट असेल तर मातीभोवती निळे कडे उमटते. जितके अधिक तितके गडद. पडीक रानाची माती बहुधा फिकी राहते. पांढरीची पाहता पाहता निळी होते. सुपर फॉस्फेट घातलेल्या शेतातली माती घेतली तर फसगत होते, ती पहिल्या वर्षी आमची झाली. गावाचा जुना गोठा निळ्या रंगात उमटलेला पाहून मुलांना जे वाटते ते आमच्या चिंचेच्या प्रयोगाने कधी वाटले नव्हते.

जमिनीत सापडलेल्या वस्तूविषयी १८७८ चा निखातनिधीचा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे लागते, हेही आम्ही मुलांस सांगतो. आणि घासू नका, धुऊ नका, मातीसकट कागदात गुंडाळा, कोरड्या डब्यात ठेवा, जागा लिहून ठेवा, एवढे.

ह्या पावसाळ्यानंतर सातवीतील एक मुलगी वर्तमानपत्रात गुंडाळलेले मातीचे एक ढेकूळ घेऊन आली. त्याच्या एका बाजूने हिरवी कड डोकावत होती. सोबत वहीच्या पानावर शिसपेन्सिलीने लिहिले होते: कोणाचे शेत, विहिरीपासून किती पावले, किती वीत खोल. मोठ्या भावाने ढेकूळ फोडून पाहू म्हटले होते, पण तिने फोडू दिले नाही. आम्ही ते उलटून पाहिले नाही. कागदासकट तोलले, वजन तिच्याकडूनच लिहून घेतले, तहसील कचेरीत कळविले व पुण्यास पत्र टाकले. उत्तर अजून यावयाचे आहे. तोवर ढेकूळ डब्यात बंद करून त्याच काचेच्या कपाटात, त्या चकचकीत कड्याशेजारी ठेविले आहे.